एकतीस रिकाम्या ओळी

मित्रांनो, हल्ली मला कुणी उघडत नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. मी रुग्णालयातल्या एका वॉर्डाची जुनी नोंदवही आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. कूस कधी बदलली, जखम आहे का, हे परिचारिका माझ्यात लिहीत.

मोठ्या सिस्टरांचं अक्षर सर्वांत सुबक. पन्नाशीत त्यांनी या जखमांवर संशोधन करायचं मनावर घेतलं आणि परिचारिकांसाठीच्या संख्याशास्त्राच्या वर्गात नाव घातलं. पिशवीतून मलाही नेलं. माझी पानं संगणकात उतरवताना त्यांचा चष्मा सारखा घसरे. पहिली सरासरी बरोबर आली, त्या दिवशी त्यांनी साऱ्या वर्गाला चहा पाजला.

शिकवणारे सर त्यांच्या मुलाच्या वयाचे. ते म्हणाले, "सिस्टर, या एकतीस ओळी अर्धवट आहेत, नावापुढे सगळं रिकामं. काढून टाका. उरलेल्या ओळींत बघा, तुमच्याकडे जखमा किती कमी दिसतात!"

सिस्टर म्हणाल्या, "सर, तेव्हा चाळीस पेशंट आणि पाळीला आम्ही दोघी. कूस बदलायलाच फुरसत नव्हती, तर लिहिणार काय?" मग एका ओळीवर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "हे शिंपीकाका. 'पाठ जळते गं पोरी' म्हणाले. मी 'आलेच' म्हणून गेले ती गेलेच. जखम हाडापर्यंत पोचली. त्यातच संपले ते."

सरांनी खुर्ची जवळ ओढली. दोघांनी जुने केसपेपर धुंडाळून एकतीस जणांचा माग काढला. बावीस जणांना जखमा झालेल्या होत्या.

रुग्णालयाच्या बैठकीत सिस्टरांनी हे वाचून दाखवल्यावर अधीक्षकांनी विचारलं, "म्हणजे चूक तुमचीच ना?"

"माझीही," सिस्टर म्हणाल्या. "पण दोघींनी चाळीस जणांना कसं वळवायचं, तेवढं सांगा."

वॉर्डाला एक परिचारिका वाढवून मिळाली. वर्षभरात काढूनही घेतली. सिस्टरांची बदली भांडारात झाली. कापूस, पट्ट्या मोजत त्या निवृत्त झाल्या. जाताना मला हातात घेऊन शिंपीकाकांचं पान त्यांनी उघडलं, आणि बराच वेळ मिटलं नाही.

आता नोंदी संगणकावर होतात. चौकट रिकामी ठेवली तर तो पुढे जाऊच देत नाही. परवा एक दमलेली मुलगी सगळीकडे 'बदलली' भरत गेली. कोपऱ्यातल्या आजी मात्र सकाळपासून उताण्याच होत्या.

मित्रांनो, जे झालं नाही ते झालं असं कधी लिहू नका. आणि कुणी वॉर्डाकडे निघालं असेल, तर त्या आजींना तेवढं कुशीवर वळवा. दोघं जा. एकट्याला ते जमत नाही.