बाजारबाबांचं चाक

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध चौथऱ्यावर लोखंडी चाक गरगरत होतं, शेजारी चार दिवे लखलखत होते. ना तेल, ना वीजमीटर. बाजारबाबा सांगत होते, "सरकारी अनुदान म्हणजे भीक. सौरपॅनेलच्या मंजुरीपत्रांवर सह्या करून या पेटीत टाका. खुला बाजार तुम्हाला असं चाक घरपोच देईल." हा बाजार भरतो कुठे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

गावातल्या शिवणवालीलाही सुचलं नाही, कारण बाबा तिचा सख्खा थोरला भाऊ. रोज दुपारी वीज गेली की तिच्या सहा मशिनी बंद पडायच्या आणि सहा बायका हातावर हात ठेवून बसायच्या. दोन वर्षं खेटे घालून तिला मंजुरी मिळाली होती, आणि ती एकदाच मिळते. काही महिन्यांपूर्वी, पहिल्याच सभेत दादाने ती मागितली, तिने न वाचता सही केली. वर आजच्या सभेसाठी भलंमोठं कापडी छत फुकट शिवून दिलं.

घोटाळा झाला तो भक्तीमुळे. पत्रा तापून चाकाला त्रास होईल म्हणून भक्तांनी ते छत गोदामावर पसरलं. वर चढायला बाबांची सक्त मनाई, म्हणून दोऱ्या टाकून खालूनच ओढलं. चाक थांबलं, दिवे विझले.

"कुणाच्या तरी मनात शंका आली," बाबा गरजले.

गर्दीतल्या एका निवृत्त विज्ञान शिक्षिकेने शांतपणे छत ओढून काढायला लावलं. चाक फिरलं. पुन्हा झाकलं, पुन्हा थांबलं. तिसऱ्या वेळेला छत काढायला शिवणवाली स्वतःच शिडी चढली.

वर पॅनेलच्या रांगा होत्या. त्यांची तार पत्र्यातून खाली चौथऱ्यात उतरत होती; तिथे मोटार लपवलेली निघाली. प्रत्येक पॅनेलवर अर्जाचा क्रमांक चिकटवलेला होता, आणि तिला स्वतःचा क्रमांक तोंडपाठ होता. अनुदानाला भीक म्हणणाऱ्याने आधी सह्या केलेल्या सगळ्यांचं अनुदान स्वतःच लाटलं होतं. तिला भावाचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

"धंद्यात असंच चालतं गं," दादा पुटपुटला.

"मी धंद्याला आले नव्हते दादा. तुझ्याकडे आले होते."

शिक्षिका म्हणाल्या, अनुदान बरं की खुला बाजार, यावर खुशाल वाद घाला, दोन्हीकडे विचार करण्यासारखं आहे. पण आधी डोळे उघडे ठेवा. शिवणवालीने डोळे पुसले आणि लोकांकडे वळली.

"सख्खा भाऊ सांगत असला, तरी तार कुठून येते ते आधी वर चढून बघा."