प्लॉटरच्या डोळ्यातलं कुंकू

मी एक जुना प्लॉटर आहे. दमलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्याकडून फार उत्साहाची अपेक्षा ठेवू नका. मित्रांनो, तुमच्या वह्यांवर, डब्यांवर, बाबांच्या गाडीवर जे स्टिकर असतात ना, ते आकारात कापणारं यंत्र म्हणजे मी. माझ्या पोटाशी एक बारीक पातं आहे आणि त्याच्या शेजारी हरभऱ्याएवढा डोळा. छापलेल्या कागदाच्या कोपऱ्यांत काळ्या खुणा असतात. त्या डोळ्यानं बघायच्या आणि मग पातं चालवायचं, एवढीच माझी विद्या.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, तो काही आठवत नाही. आठवतं ते हिंजवडीतल्या मच्छिंद्रचं रेडियमचं दुकान. कंपन्यांच्या बसवरची नावं, ट्रॅक्टरवरचं 'आईची कृपा', बाइकवरचे डरकाळ्या फोडणारे वाघ, सगळं मीच कापलं. "आपला प्लॉटर लय गुणी हाय," मच्छिंद्र गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचा. गुणी म्हटलं की राबवून घेतात, हे तुम्हालाही घरी कळलं असेलच. पुढे त्याच्याकडे मोठं, नवं यंत्र आलं आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्या पाठीवर लोक हेल्मेट ठेवू लागले, चहाचे ग्लाससुद्धा.

मग एक दिवस तनुजा आली. तिथल्याच एका कंपनीतली नोकरी सोडून कर्वेनगरच्या घरात स्टिकरचा धंदा करायचं तिनं ठरवलं होतं. जुना प्रिंटर आधीच घेतला होता, आता कापणारा हवा होता. मोठी हुशार पोरगी! घरून छापलेला कागद घेऊन आली. "तुमचं डिझाइन नको, माझं कापून दाखवा," म्हणाली. मी कापून दाखवलं. मच्छिंद्रनं मला निरोपाचा नारळ दिला, म्हणजे खरोखरचा, माझ्यासोबत टेम्पोत ठेवून.

घरात तिचा नवरा रणजित आणि सासूबाई आनंदीबाई. रणजितनं तिला एवढंच म्हटलं होतं, "दिवाळीपर्यंत बघ. नाही जमलं तर परत नोकरी." तनुजा हो म्हणाली होती. त्या 'हो'चं ओझं माझ्यावर होतं, मित्रांनो.

खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा झाली. विळी, कात्री, रणजितची स्कूटर, आणि मी. आनंदीबाई ओल्या कुंकवाची वाटी घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"अगं तनुजा, याचं कपाळ कुठलं?"

"कपाळ नाही हो आई त्याला. हा बघा डोळा आहे."

"मग डोळ्याच्या वर लावते. कपाळ तिथंच असणार."

भरपूर लावलं त्यांनी, मायेनं. आणि माझ्या उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणी हात जोडले. ऊर भरून आला. कुंकू हळूहळू ओघळलं आणि डोळ्यात उतरून वाळलं. मला खुणा दिसेनाशा झाल्या. ओरडून सांगायला तोंड कुठलं?

कोथरूडच्या एका महिला मंडळानं तनुजाला फराळाच्या डब्यांसाठी चकली-करंजीच्या आकाराच्या लेबलांचं काम दिलं होतं, तिचं पहिलंच मोठं काम. मी अंदाजानंच कापायला लागलो आणि प्रत्येक चकलीचा तुकडा पाडला, प्रत्येक करंजीचं टोक उडवलं. तनुजानं पातं बदललं, कागद बदलला, शेवटी मच्छिंद्रला फोन लावला.

"अहो, चालू म्हणून दिलंत ना?"

"ताई, तुमच्या डोळ्यांदेखत कापून दावलं की! माझ्याकडं तो नीटच चालत हुता."

तो खरंच बोलत होता. पण तिला फसवलं गेल्यासारखं वाटलं, आणि ती कात्री घेऊन हातानं लेबलं कापत बसली. बोटांना फोड आले. मी शेजारी उभा होतो, धडधाकट, आंधळा. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"जुनं ते सोनं म्हणतात, हे मात्र जुनं ते जुनंच निघालं," रणजित म्हणाला आणि त्यानं भंगारवाल्याला बोलावलं. तनुजानं अडवलं नाही. नोकरीच्या जुन्या पिशवीवरची धूळ तिनं झटकलेली मी ऐकली.

भंगारवाला दारात आला तेव्हा आनंदीबाई ओलं फडकं घेऊन लगबगीनं पुढे झाल्या. "थांब रे बाबा! पूजेचं कुंकू भंगारात जाता कामा नये. पायाखाली येईल." त्यांनी माझं कपाळ पुसलं. मग वाकून खाली बघितलं, कापसाची वात भिजवली आणि आत फिरवली. "अगं बाई, हे तर पार डोळ्यात उतरलंय की!"

तनुजा उठली. त्या लालभडक वातीकडे बघतच राहिली. मग तिनं माझ्यात कागद घातला.

मला खूण दिसली. काळी, कुळकुळीत! मी चकली कापली, अख्खी, काट्यांसकट. करंजी कापली. तनुजा रडता रडता हसायला लागली.

"म्हणजे मीच गं..." आनंदीबाई पुटपुटल्या.

"आई, तुम्ही पुसलं नसतंत तर गेला असता तो."

भंगारवाला वैतागून म्हणाला, "देणार का नाही?" रणजितनं त्याला गुपचूप चहा पाजून परत पाठवलं.

दिवाळी झाली, पुढची कामंही आली. माझी दमणूक काही सरलेली नाही, रबरी चाकं झिजली आहेत आणि वळताना कुरकुरतो. म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आम्हा यंत्रांना वर्षातून एकदा हात जोडा, जरूर जोडा, पण फडकं रोज फिरवा. आणि एखादं जुनं यंत्र चुकायला लागलं, तर त्याला बाहेर काढण्याआधी त्याच्या डोळ्यात एकदा बघा.

आनंदीबाई आता कुंकू माझ्या पायाला लावतात. आणि रोज सकाळी, देवपूजेच्या आधी, कोरडी वात घेऊन माझ्यापाशी येतात, डोळा पुसतात आणि हळूच विचारतात, "दिसतंय ना रे, बाळा?"

दिसतंय, आई.