तीन पायांच्या सांध्यातली रेघ

ओतीलियाच्या भाचीला जुळी झाली त्या वर्षी, म्हणजे २०१३ साली, कोशित्से शहरातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतली पालकोसरांची खुर्ची रिकामी पडली. छातीच्या दुखण्याने ते तात्रा डोंगरातल्या दवाखान्यात होते.

अठ्ठावीस वर्षं ओतीलियाने त्यांच्या चिपांना केसाहून बारीक तारा जोडल्या. लग्नाचं तिने मनावर घेतलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही.

सरांना एकच रेघ हवी होती. अतिवाहक धातूच्या तीन पायांचा सांधा हेलियमच्या थंडीत ठेवायचा. दोन पायांना सारखाच पण उलटा विजेचा दाब दिला, की इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या संगनमताने सुटतात आणि विजेचा अडथळा एकदम उतरतो. मोजणीच्या नकाशावर ती तिरकी रेघ दिसते. सरांना ती एकदाच, पुसट दिसली होती. दुसऱ्या दिवशी तो सांधाच जळाला.

रविवारी ती डबा घेऊन सरांना भेटायला गेली.

"रेघ आणलीस, की नुसते बटाट्याचे लोक्षेच?" त्यांनी विचारलं.

"आधी खा. रेघ गुरुवारी लागेल."

"घाई करू नकोस, ओतिल्का. घाईने सांधा तापतो, रेघ विरते."

तिला दुसरंच काही बोलायचं होतं. तिने डब्याचं झाकण लावलं.

गुरुवारी सकाळी सातला मोजणी सुरू करताना प्रयोगशाळेतला तरुण मदतनीस रादोवान म्हणाला, "मावशी, आज फोन खिशात असू द्या. दवाखान्यातून आला तर?"

"मग दाराबाहेर पत्र्याचा डबा कशाला ठेवलाय?"

"नियम सरांचा, आणि फोन सरांचाच चुकवायचा? धन्य आहात!"

"फोनच्या लहरींनी रेघ बुजते. बुजलेली रेघ नेऊन त्यांच्या शिव्या तू खाणार आहेस?"

फोन डब्यात गेला. दाब मुंगीच्या पावलांनी चढत राहिला. मध्येच तिला वाटलं, जरा वेग वाढवावा, दवाखान्याकडे जाणारी संध्याकाळची गाडी मिळेल. बटणाशी गेलेला हात तिने मागे घेतला.

अडीचला रेघ उमटली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, अखंड.

"मावशी, आली की हो!" रादोवान ओरडला.

तिने कागद छापून घेतला आणि कोट न घालताच बाहेर आली. डब्यातल्या फोनवर तीन कॉल येऊन गेले होते, तिन्ही दवाखान्यातून. तिने उलट फोन लावला.

"तुमच्याशी बोलायचं म्हणत होते," परिचारिका म्हणाली. "तुम्ही उचलला नाहीत, तर हसले. म्हणाले, म्हणजे मोजणी चालू आहे. नका त्रास देऊ."

इम्रिख पालको १४ नोव्हेंबर २०१३ रोजी, गुरुवारी, दुपारी पावणेबाराला वारले.