विद्याबाईंचं बाहेरचं काम

विद्या किणीकर बंगळूरच्या एका सरकारी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. ध्वनी हा त्यांचा आवडता विषय. १९६१ साली एका रविवारी मल्लाप्पा त्यांच्या मल्लेश्वरमच्या घरी आले. मल्लाप्पा मूळचे निपाणीकडचे. चिकपेटेजवळ त्यांनी नवं थिएटर बांधलं होतं आणि तिथल्या मधल्या रांगांत पडद्यावरचा प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येत होता. स्पीकर बदलून झाला, मेकॅनिक बदलून झाला. लोक मात्र अर्ध्या खेळातून उठून जायचे.

"अक्का, स्वल्प येऊन बघा की. तुमची जी काही फी असंल ती देतो," ते म्हणाले.

विद्याबाईंना त्याच पावली निघावंसं वाटत होतं. मधल्याच रांगांत का? पुढे का नाही, मागे का नाही? पण बाहेरचं काम घ्यायचं तर कॉलेजची परवानगी लागते, एवढं त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला.

प्रिन्सिपॉल नरसिंहराव नियमाला पक्के होते. त्यांनी नियमावली काढली आणि तेच कोड्यात पडले. परवानगी कोणी घ्यावी, तर प्रोफेसर आणि रीडर या वरच्या हुद्द्यांवरच्यांनी, असं तिथे लिहिलं होतं. विद्याबाई लेक्चरर, आणि लेक्चररचा उल्लेखच नव्हता. मग लेक्चररला परवानगीच नको, की लेक्चररने असं काम करूच नये? आजवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. समितीची बैठक होईपर्यंत थांबा, असं त्यांनी सांगितलं.

विद्याबाई थांबल्या, पण मन थांबेना. शनिवारी नवऱ्याला, रत्नाकरला, घेऊन त्या तिकीट काढून थिएटरात गेल्या. प्रेक्षक जमायच्या आधीच आत शिरून त्यांनी पहिल्या रांगेत टाळी वाजवली, मग मधल्या, मग शेवटच्या. रत्नाकर टेलिफोन कारखान्यातले शांत गृहस्थ. कुणी भलतीच बाई पाहत असल्यासारखे ते दारापाशी उभे राहिले. मधल्या रांगेत टाळीला स्वच्छ उत्तर आलं. विद्याबाईंनी मागे वळून पाहिलं. शोभेसाठी मागची भिंत आत वळवून गोलाकार बांधली होती. पडद्याकडून येणारा आवाज ती गोळा करत होती आणि मधल्या रांगांवर परत फेकत होती.

बाहेर पडताना मल्लाप्पांनी गाठलंच. काही कळलं का, असं त्यांनी विचारलं. उत्तर ओठांवर होतं. विद्याबाई म्हणाल्या, "सिनेमा बरा होता, मल्लाप्पाण्णा." कळलेली गोष्ट सांगता न येणं त्यांना नवीन होतं.

सोमवारी त्या स्वतःच नरसिंहरावांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला.

"तिकीट काढून गेलात, म्हणजे तुम्ही प्रेक्षक. नियम मोडला नाही," ते म्हणाले. मग जरा पुढे वाकून त्यांनी विचारलं, "पण भिंतीमुळे कसं होतं ते?"

विद्याबाईंनी फळ्यावर आकृती काढली. नरसिंहराव इतिहासाचे, तरी त्यांनी बरेच प्रश्न विचारले. बैठकीत त्यांनी स्वतःच बाजू मांडली आणि परवानगी मिळाली. मात्र अट घातली गेली: विद्यार्थ्यांना बरोबर न्यायचं आणि अहवाल कॉलेजच्या ग्रंथालयात कोणालाही वाचायला ठेवायचा.

विद्याबाईंना वाटलं, इथे मल्लाप्पा अडणार. आपल्या थिएटरचा दोष चारचौघांत ठेवायला कोण तयार होईल? त्यांनी मल्लाप्पांना अट सांगितली. ते उभ्याउभ्या टोपी हातात फिरवत राहिले.

"ठेवा," शेवटी ते म्हणाले. "लोकांना दोनदा ऐकू येतंयच. त्यात लपवायचं काय राहिलं?"

पुढच्या महिन्यात आवाज शोषून घ्यायला मागच्या भिंतीवर काथ्याचे जाड तट्टे बसवले. विद्यार्थी रांगारांगांतून बसले आणि कान देऊन ऐकत राहिले. मधल्या रांगांतला दुसरा आवाज गेला. बाल्कनीच्या एका कोपऱ्यात मात्र बोलणं आता थोडं अस्पष्ट येऊ लागलं. तसं का व्हावं, हे कोणालाच सांगता येईना. विद्याबाईंनी मल्लाप्पांना तेही स्पष्ट सांगितलं, आणि विद्यार्थ्यांना घेऊन त्या बाल्कनीच्या जिन्याकडे निघाल्या.