दहा सर्व्हिस आणि एक बाबागाडी

गुरुवारी माझ्या दहापैकी सहा सर्व्हिस नेटमध्ये गेल्या आणि सगळ्यांना एकदम माझं मनगट दिसायला लागलं.

"भाभीजी, कलाई ढीली है," आमच्या सोसायटीचे स्पोर्ट्स सेक्रेटरी तनेजा अंकल म्हणाले.

"किती वेळा सांगितलं हिला," माझा नवरा चिन्मय त्यांना म्हणाला. मला नाही, त्यांना.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या सोसायट्यांची बॅडमिंटनची मिक्स्ड डबल्स स्पर्धा पुढच्या महिन्यात होती. निवड रविवारी. दहापैकी सात सर्व्हिस आत पडल्या तरच नाव यादीत. मानस होण्याआधी तीन वर्षं चिन्मय आणि मी जोडीने खेळलो होतो.

"यंदा राहू दे ना, यार," लिफ्टमध्ये तो म्हणाला. "चौदा महिन्यांचं मूल आहे. तुझं लक्ष नसतं खेळात."

लक्ष नसतं. मानसचं नाक पुसताना, त्याच्या हातातून चप्पल काढून घेताना मी ते दोन शब्द चघळत राहिले. सरावाला कोर्ट मिळणार नव्हतंच. बायकांची वेळ दुपारी दोन ते तीन, नेमकी मानसच्या झोपेची. कोणी ठरवली असेल ही वेळ, ते सांगायला नको.

गुरुवारचा खेळ मी मोबाइलवर घेतला होता. मानसला खिचडी भरवताना तो लावला. दोनदा नुसती स्वतःला शिव्या घालत पाहिला. तिसऱ्यांदा शिव्या बंद केल्या आणि ही बाई काय करते एवढंच बघितलं. मनगट ठीक होतं. शटल मारायच्या आधी तिची हनुवटी किंचित डावीकडे वळत होती. डावीकडे बाक होतं, बाकाशेजारी बाबागाडी. चार वेळा हनुवटी वळली नव्हती. त्याच चार सर्व्हिस आत पडल्या होत्या.

मग त्याच व्हिडिओत चिन्मयला बघितलं. चाळीस मिनिटं, तेच कोर्ट, तीच बाबागाडी. एकदाही नाही. मानस रडला तेव्हा त्याने मान वळवली खरी, पण माझ्याकडे.

मी त्याला व्हिडिओ दाखवला.

"अच्छा," तो म्हणाला. "खरंच ढिलं आहे गं मनगट."

शुक्रवार-शनिवार मानस झोपला की मी पलंगाच्या कडेला डोळे मिटून बसले. बोटांत शटलची पिसं, समोर नेटची पांढरी पट्टी, रॅकेटचा हलका धक्का. तिथेही शटल नेटमध्ये. मनातल्या कोर्टवरही मी बाबागाडी नेऊन ठेवली होती. तिच्याजवळ चिन्मयला बसवलं, तर त्याच्या हातात मोबाइल. मोबाइल काढून घेतला, तरी माझी मान वळलीच. शेवटी दोघांना वर सातव्या मजल्यावर, आमच्या घरी पाठवलं आणि दार लावून घेतलं. मग शटल पट्टीवरून गेलं. पुन्हा गेलं. मानस उठेपर्यंत जात राहिलं.

रविवारी सकाळी चिन्मयच्या सर्व्हिस आधी झाल्या. सात आत. घाम पुसत तो बाकावर बसला.

"मानसला वर घेऊन जा," मी म्हटलं.

"इथेच बसतो ना त्याला घेऊन. तुझी सर्व्हिस बघायला नको?"

"माझी सर्व्हिस मी बघितली आहे. वर जा. दार लावून घे, बाल्कनीचंही."

"सगळ्यांसमोर काय हे, वृंदा," तो हळूच म्हणाला, पण गेला.

पहिल्या दोन आत. तिसऱ्या वेळी मान गेलीच डावीकडे. रिकामं बाक. शटल नेटमध्ये. मी डोळे मिटले, सातव्या मजल्यावरचं दार पुन्हा लावलं आणि उरलेल्या सात मारल्या. त्यातली एकच बाहेर गेली.

"आठ," तनेजा अंकल म्हणाले. "भाईसाहब ने घर पे अच्छी मेहनत करवाई."

मी यादीकडे पाहिलं. चिन्मयच्या नावापुढे जोडीदार म्हणून बी ब्लॉकमधल्या संपदाचं नाव लिहिलेलं होतं, निळ्या पेनने, ठळक.

"ये कब लिखा?"

"शुक्रवार को. भाईसाहब ने ही बोला, आपसे बात हो गई है."

"कोई बात नहीं हुई. मेरा नाम नीचे अलग लिखिए. पार्टनर की जगह खाली रखिए, मैं शाम तक बताती हूँ."

त्यांनी लिहिलं. साडेनऊ वाजले होते. मोबाइलवर चिन्मयचा मेसेज आला होता: रडतोय, कधी येतेस?

अकरा वाजता, मी लिहिलं, आणि शटलचा डबा उचलून कोर्टवर परत गेले.