पाक कासमुरींचा खोकला

मी गिटारचं आवाजाचं बटण बोलतोय. गिटार नव्हे, बटण. तिला बोलायला सहा तारा आहेत, तिची काळजी कुणी करू नये. मला आयुष्यभर दोनच गोष्टी जमल्या, आवाज वाढवणं आणि कमी करणं, आणि त्याही दुसऱ्याच्या बोटांनी.

तुम्हाला वरून दिसते ती माझी टोपी. खरा मी आत, लाकडाच्या पोटात असतो. एक पत्र्याची डबी, तिच्यात काळ्या लेपाची गोल पट्टी, आणि त्या पट्टीवरून घसरणारी बारीकशी जीभ. कारखान्यात एकाच दिवशी माझी इतकी भावंडं जन्मली की आईबापाची चौकशी करायची सोयच नव्हती. माझ्या शेजारी टोनचं बटण बसवलं होतं. त्याला जन्मात कुणी हात लावला नाही, त्यामुळे त्याचा स्वभाव फार शांत झाला.

जावा बेटावरच्या ब्लितारजवळच्या एका गावात पाक कासमुरींनी आम्हाला घेतलं. आमच्याकडे मोठ्या माणसाला पाक, बाईला बू, ताईला म्बाक आणि दादाला चाक म्हणतात. लग्नाच्या मांडवात दांगदुत, म्हणजे ढोलकीच्या ठेक्यावरची नाचरी गाणी, वाजवणारा त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. तेव्हा मी लोण्यासारखा फिरायचो. खोकायचे ते कासमुरी. लवंगेच्या सिगारेटी ओढून ओढून छातीचं खोकं झालेलं. दोन गाण्यांच्या मध्ये त्यांचा एक खोकला ठरलेला असायचा, आणि ढोलकीवाला त्यावरच पुढचा ठेका धरायचा.

मग ते गेले. त्यांची बायको, बू सारिनतेन, दर गुरुवारी दिवेलागणीला त्यांच्या नावाने काळी गोड कॉफी आणि एक सिगारेट ठेवू लागली. आमच्याकडे सगळेच ठेवतात. पण बाकीचे टेबलावर ठेवतात. बू सारिनतेनने विचार केला, हा माणूस घरात आला तर आधी कुठे जाईल? म्हणून तिने ग्लास बाकावर आडव्या पडलेल्या गिटारवर ठेवला, माझ्या टोपीला टेकून. एका गुरुवारी तो कलंडला. गिटार तिने पदराने पुसली. आत गेलेली कॉफी मी प्यायलो. साखर भरपूर होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाने, गुनारने, मला फिरवलं आणि स्पीकरमधून आवाज आला, खर्रर्र, खक्. साखर वाळून माझ्या जिभेला चिकटली होती, दुसरं काही नव्हतं. स्वयंपाकघरातून बू सारिनतेन हातात उलथनं घेऊन बाहेर आली.

"आलात?" तिने मला विचारलं.

"आई, बटण खराब झालंय."

"गप रे. बापाचा खोकला ओळखता येत नाही तुला?" मग माझ्याकडे वळून, "किती वेळा सांगितलं, त्या सिगारेटी सोडा. आता मेल्यावर तरी ऐका माझं."

गावात बातमी पसरली. मशिदीचे वडीलधारे आले, मेलेला माणूस खोकत नाही असं त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि म्हणाले, "पुन्हा एकदा फिरव बघू." ऐकून त्यांनी घसा साफ केला. "आवाज मात्र त्याचाच आहे." शेजारी तर शिडीचा शोध घ्यायला आला. कासमुरींनी ती नेली होती, ठेवली कुठे? मी खोकलो. त्याने त्याचा अर्थ केळीच्या बागेमागे असा काढला, आणि शिडी तिथेच निघाली. माझा त्यात काही हात नाही.

गुनारचं मात्र पोट गिटारवर होतं. एका लग्नात नवरी आईवडिलांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून रडत होती, हळुवार धून चालली होती, गुनारने मला जरा कमी केलं आणि मी खोकलो. नवरीच्या आजोबांनी मोठ्याने विचारलं, "पाणी हवंय का कुणाला?" अख्खा मांडव हसला.

गाणारी म्बाक लिलिस त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "हे बघ गुनार, तुझ्या वडिलांबरोबर मी खूप गायले. पण जिवंत होते तेव्हा ते दोन गाण्यांच्या मध्ये खोकायचे. आता गाण्यात खोकतात. बटण बदल, नाहीतर मी दुसरा गिटारवाला बघते."

घरी आई म्हणाली, "बापाला घराबाहेर काढतोस?"

"अगं, बटण आहे ते."

"मग बटण खा. आज जेवण नाही."

दोन्ही वेळचं जेवण बुडाल्यावर गुनार तिच्या पायाशी बसला. "आई, बाबांचा ऑर्केस्ट्राच बंद पडला तर ते खोकतील कुठे?" "घेऊन जा," ती म्हणाली, "पण मी बरोबर येणार."

चाक तोहिर मोटरसायकलींच्या गॅरेजात एका कोपऱ्यात गिटारी दुरुस्त करतो. बू सारिनतेन दवाखान्यात बसावं तशी पर्स मांडीवर घेऊन बसली. त्याने सोल्डरिंगची सळई तापवली.

"दुखत नाही त्याला, बू."

"तुला काय माहीत?"

त्याने दोन नवीकोरी बटणं बसवली, कपॅसिटर बदलला, पोकळीला आतून तांब्याचा पत्रा लावला. टोनवाला खिळ्यांच्या डब्यात गेला. तिथेही त्याला कुणी हात लावणार नाही, त्याचं बरं झालं. मला हातात घेऊन तोहिरने नाकाशी नेलं. "यात कॉफी आहे."

गुनारने आईकडे पाहिलं. खरं बाहेर आलं म्हणून मी श्वास रोखला.

"मग?" बू सारिनतेन म्हणाली. "त्यांनाच दिली होती. प्यायलेच ना?"

गुनारने गिटार वाजवली. आवाज झऱ्याच्या पाण्यासारखा आला, ना खर ना खक्. तो आनंदाने हसला. आई म्हणाली, "हा कोण आलाय यांच्या जागी?" आणि मला मुठीत घट्ट धरून घरी आली.

त्या गुरुवारी तिने मला बशीत ठेवलं, शेजारी कॉफी. ती वाट बघत बसली. मी जीव तोडून खोकायचा प्रयत्न केला, पण अंगात वीज नसताना मी नुसता पत्रा आहे. कॉफी गार झाली. इतके दिवस मी तिला मनात हसलो होतो, त्याची मला लाज वाटली.

गुनारने दारातून ते पाहिलं. सकाळी त्याने मला आणि आईचा सेलवर चालणारा जुना रेडिओ तोहिरपुढे ठेवला.

"माप जुळत नाही रे," तोहिर म्हणाला. "आवाज एकदम चढेल."

"चढू दे. खोकेल ना?"

तेव्हापासून मी रेडिओत आहे. लिलिसची गाणी स्वच्छ होतात. इकडे बू सारिनतेन बातम्या लावते, मी खोकतो, ती म्हणते, "हो हो, करते कमी." कमी करताना मी पुन्हा खोकतो. "आता काय, ऐकू येत नाही म्हणता?" त्यांचं भांडण पुन्हा सुरू झालं, घर भरल्यासारखं वाटतं.

पण रोज फिरून फिरून माझ्या जिभेवरची साखर झिजत चालली आहे. काल नुसती खर्र झाली, खक् आलंच नाही. ती कान लावून बसली. "आवाज बसलाय हो तुमचा," ती हळूच म्हणाली.

आज गुरुवार. तिने कॉफी केली आहे, आणि ग्लास रेडिओवर ठेवते आहे, माझ्या टोपीजवळ. बू सारिनतेन, माझं ऐकू आलं तर एवढंच कर. ग्लास थोडा तिरका ठेव.