हिरव्या टॉवरचं गाऱ्हाणं

"अरे मेल्यांनो, चादर झटकीसर तरी थांबा!"

गणपत गॅलरीत उभा राहून ओरडत होता. चादर झटकावी तर ती आणखी करडी होत होती. भिंतीपलीकडे सिमेंट कालवायचं यंत्र घरघरत होतं. शिवडीच्या आडारकर चाळीत आता कोंबड्याऐवजी तेच आरवायचं.

शेजारचा रामजी मिश्री लावत बसला होता. तो म्हणाला, "कोणाक वरडतंस? मिक्सराक कान नाय."

"मालकाक आसत ना?"

"मालकाक कान आसत, पण ते एसीत ठेवलेले आसत."

चाळीला लागून टॉवर उभा राहत होता. त्याच्या कुंपणाच्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'इथे श्वासही हिरवा!' वर सूर्यावर चालणारी वीज होती, पावसाचं पाणी साठवायची टाकी होती, गच्चीवर बाग होती. त्यातलं काही खोटं नव्हतं. फक्त त्या यंत्रावर छप्पर घालायचं राहून गेलं होतं. पाया खणला तेव्हापासून राहून गेलं होतं.

गेल्या पौषात गणपतची बायको जाईबाई गेली. पौषात वारा पडतो. उडालेली धूळ समुद्राकडे जात नाही, चाळीतच बसून राहते. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. जाईबाई खोकत खोकत हसली होती. "हवा काय साडी आसा, बदलूक?"

टॉवर बांधणारा हितेंद्र परका असता तर गणपतने देवावर सोडून दिलं असतं. पण हितेंद्र याच गॅलरीत रांगला होता. त्याचा बाप आणि गणपत गिरणीत एकाच खात्यात होते. आई कामाला गेली की जाईबाई त्याला मांडीवर घेऊन पेज भरवायची. ती अंथरुणाला खिळली तेव्हा गणपत त्याच्या ऑफिसात गेला होता. "काका, पुढच्या आठवड्यात झाकून टाकतो, तुम्ही बिनघोर जा," असं हितेंद्र म्हणाला होता. त्या आठवड्यानंतर पुष्कळ आठवडे गेले. जाईबाईही गेली.

चादर घडी करून गणपत आत वळला, तोच हितेंद्रच्या ऑफिसातली प्रिती जिना चढून आली. नाकावर रुमाल धरलेला.

"गणपतकाका तुम्हीच ना? पर्यावरण दिनाला आमच्याकडे कार्यक्रम आहे. झाडं लावायची, सोलरचं उद्घाटन. तर सरांच्या आई म्हणाल्या, चाळीच्या देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नारळ फोडायचा नाही. आणि ते तुम्हालाच येतं म्हणे."

रामजी पचकन थुंकला. "करून करून भागलो, नि देवपूजेक लागलो. बाय, ह्येची बायल जावन वरीस झाला नाय. तुमका दुसरो कोण गावलो नाय?"

"मी येतंय," गणपत म्हणाला.

रामजीच्या हातातली मिश्री सांडली.

"थँक यू काका! फक्त दोनच मिनिटं हं. नंतर ड्रोन शॉट आहे."

ती गेल्यावर रामजी भडकलाच. "लाज नाय वाटत? तेच्या मांडवात उभो रवतलंस?"

"ज्याचा जळता तेकाच कळता, रामजी. तू येवन फकत ऐक."

गाऱ्हाणं म्हणजे देवाशी चारचौघांत केलेलं बोलणं. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. सगळ्यांनी होकार भरला की ते एकट्याचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. आणि एकदा सुरू झालेलं गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नाही. तोडणाऱ्यावर ते उलटतं. चाळीच्या कोपऱ्यात गावाहून आणलेला वेतोबा होता. तो तर नवसाला पावणारा, तसाच कोपणारा.

कार्यक्रमाच्या दिवशी पहाटेपासून पाण्याचा टँकर धूळ दाबत होता. हवा मोजायच्या पाटीवर हिरवा दिवा लागला होता. यंत्रावर हिरवं कापड टाकून पुढे कुंड्या मांडल्या होत्या. पाहुणे, कॅमेरे, रोपं वाटणाऱ्या मुली. पहिल्या खुर्चीवर हितेंद्रची आई कमलाबाई, हात जोडून. तिच्या शेजारी हितेंद्र, कुर्त्यात. चाळीतली माणसं मागे उभी.

गणपतने वेतोबापुढे नारळ ठेवला आणि आवाज लावला.

"बा देवा वेतोबा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळ गरजली.

"आज तुझ्या ह्या लेकरान, हितेंद्रान, ह्यो हिरवो टॉवर उभो केल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता पाहुण्यांनाही गंमत वाटू लागली. तेही हात वर करून ओरडू लागले.

"तेच्या घरात सूर्याची वीज इली, पावसाचा पाणी इला म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमच्या जाईबाईच्या छातीत जा शिमीट गेला, ता खयसून इला, ता तुका ठावक आसा म्हाराजा!"

चाळीचा आवाज फुटला. पाहुण्यांना मालवणी कळत नव्हती. ते पहिल्यापेक्षा जोरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

प्रिती हाताने 'पुरे, पुरे' करू लागली. हितेंद्र खुर्चीतून उठला. कमलाबाईने त्याचं मनगट धरलं. "बस खाली. गाऱ्हाणा मधीच तोडतत नाय."

"जेणा छप्पर घालतंय म्हणान सांगितल्यान आणि घातल्यान नाय, तेच्या घरात हीच धूळ जांवदे म्हाराजा! तेच्या ताटात जांवदे, तेच्या बिछान्यात जांवदे! छप्पर घालीसर तेका सुखाचो श्वास गावां नये म्हाराजा!"

मांडवातून होकार आला नाही. चाळीतल्या माणसांच्या माना खाली गेल्या. इतकं कडू मागणं त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं.

मग कमलाबाईने डोळे मिटले. जाईबाईने तिचं पोर सांभाळलं होतं. मुलाचं मनगट न सोडता ती म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

त्याच संध्याकाळी ती मुलाचा फ्लॅट सोडून चाळीतल्या आपल्या जुन्या बंद खोलीत राहायला आली. यंत्र पुन्हा सुरू झालं होतं. ती गॅलरीत, यंत्रासमोर, खुर्ची टाकून बसायची.

रामजी म्हणाला, "वयनी, भितर बसा. खोकतास किती!"

"देवाक सांगितला ना, तेच्या घरात जांवदे म्हणान? मगे मी खयच्या घरातली?"

हितेंद्र आला तो काही दिवसांनी, तिसऱ्या प्रहरी, एकटाच. आईने त्याला दारातूनच परत पाठवलं. तो गणपतच्या उंबऱ्यात येऊन बसला.

"काका, आईला दम लागतोय. गाऱ्हाणं मागे घ्या. पाया पडतो."

गणपतने उठून फळीवरची बरणी काढली. जाईबाईने मरायच्या आधीच्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेली कोकमाची सोलं होती ती. तळाशी उरलेली शेवटची मूठभर पाण्यात कुस्करली, मीठसाखर टाकली आणि पेला हितेंद्रच्या हातात दिला.

"पी."

हितेंद्रने घोट घेतला. दातांखाली कचकचलं. तो थांबला.

"लागता काय?"

"...हो."

"ता तुझा शिमीट. ती रोज छातीत घेय. तुका पेज भरवल्यान ना तिणा? मगे पी. सगळा पी."

हितेंद्रने पेला रिकामा केला. तळाला राखाडी गाळ राहिला. गणपतने नुसतं बोट दाखवलं. त्याने पाणी घालून तोही प्यायला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण गणपतला त्याची दया आली नाही. येईल असं त्याला वाटलं होतं. नाही आली.

दुसऱ्या दिवशी यंत्र बंद झालं. मग त्याचे भाग सुटे होऊन ट्रकवर चढले. कमलाबाई मुलाकडे परत गेली, पण खोकला तिच्याबरोबर गेला. गॅलरीत वाळत घातलेली चादर आता पांढरीच राहायची. रामजी ती बोटाने चाचपून बघायचा आणि म्हणायचा, "जाईबाय आसती तर सोला वाळत घातल्यान आसती."

हितेंद्र शेंडीचा नारळ घेऊन आला. "काका, काढलं सगळं. आता उलटं गाऱ्हाणं घाला. आईचा खोकला जाईना."

"ठेव थयसर."

"कधी घालाल?"

"जाईबाय परत इली की," गणपत म्हणाला, आणि दार लोटून घेतलं.

तो नारळ अजून फळीवर आहे, सोलांच्या रिकाम्या बरणीशेजारी. गणपत कधी कधी तो खाली घेतो, कानाशी धरून हलवतो. आत पाणी वाजतं. तो पुन्हा जागेवर ठेवतो.